बाकावरचा बाबा

तुमच्या घरची शेवटची फॅमिली ट्रिप आठवा. महाबळेश्वर असेल, गणपतीपुळे असेल, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाला जोडून केलेलं कोल्हापूर-ज्योतिबा असेल. आता सांगा, सगळे बोटीत बसायला गेले तेव्हा काठावर चपला, पाण्याच्या बाटल्या आणि पिशव्या सांभाळत कोण बसलं होतं?

आमच्याकडे आजी. दरवेळी आजीच. तिचे गुडघे दुखतात, म्हणून ती स्वतःच म्हणते की तुम्ही जाऊन या, मी बसते इथे. आणि आपण खरंच जातो.

हे आठवायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यातला एक व्हिडिओ कॉल. माझी मावशी न्यूजर्सीत राहते. आजी सध्या तिच्याकडे गेलीये. डिसेंबरच्या सुटीत सगळ्यांनी मिळून फ्लोरिडात डिस्ने वर्ल्डला जायचं घाटतंय. तेही हॉटेलात न उतरता, आरव्ही घेऊन. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, ओटा, फ्रीज, संडास-बाथरूम सगळं. आजीला मध्येच आडवं व्हावंसं वाटलं तर तिची खोली जवळ हवी, ही मावशीची आयडिया. डिस्ने वर्ल्डच्या आतच जंगलात एक मोठं कॅम्पग्राउंड आहे, फोर्ट वाइल्डरनेस नावाचं. तिथे गाडी लावायची आणि राहायचं.

मी मास कॉमला आहे, त्यामुळे घरच्यांच्या मते माहिती शोधणं हे माझं जन्मसिद्ध काम. एक्सेल शीट उघडली, तारीख-खर्च-अंतर असे कॉलम केले आणि शोधता शोधता भलतीकडेच गेले. ज्या माणसाच्या नावावर हे सगळं उभं आहे, त्या वॉल्ट डिस्नेचं आयुष्य वाचत बसले. शीट अर्धी राहिली. पण एक गोष्ट सापडली. या अख्ख्या पसाऱ्याची सुरुवातसुद्धा एका बाकावर झाली होती. मुलं खेळायला गेल्यावर मागे उरलेल्या माणसाच्या बाकावर.

पहाटेचा पेपरवाला

वॉल्टचा जन्म ५ डिसेंबर १९०१ चा, शिकागोतला. वडील एलायस, आई फ्लोरा. वॉल्ट धरून चार भाऊ आणि एक धाकटी बहीण. वडील कष्टाळू, पण कडक आणि नशिबाने हात न दिलेले. सुतारकाम, शेती, पेपरची लाइन, एकामागून एक धंदे. एक योगायोग लक्षात ठेवा, पुढे लागेल. एलायस आणि फ्लोराचं लग्न १८८८ मध्ये झालं ते फ्लोरिडात, आजच्या डिस्ने वर्ल्डपासून फार लांब नाही. तिथे बस्तान बसलं नाही म्हणून ते शिकागोला आले.

वॉल्ट चार वर्षांचा असताना घर मिझुरी राज्यातल्या मार्सेलिन नावाच्या छोट्या गावी गेलं. शेत, डुकरं, सफरचंदाची झाडं आणि गावातून धडधडत जाणारी रेल्वे. लहान पोराला अजून काय पाहिजे? चित्रं काढायची आणि आगगाडीची वाट बघायची, एवढाच उद्योग. ही चारपाच वर्षं त्याच्या डोक्यातून आयुष्यभर गेली नाहीत. पण वडील आजारी पडले, शेत विकावं लागलं आणि १९११ मध्ये कुटुंब कॅन्सस सिटीत आलं.

तिथे एलायसनं पेपर टाकायची लाइन विकत घेतली आणि कामाला लावलं वॉल्ट आणि त्याचा थोरला भाऊ रॉय याला. पहाटे उठायचं, पेपर टाकायचे, मग शाळा. गुडघाभर बर्फ असला तरी सुटी नाही. वडील मुलांना त्याचे पैसेही देत नसत. घरात खायला-प्यायला मिळतंय, तोच पगार. वर्गात वॉल्टला डुलक्या लागायच्या. पुढे तो जगप्रसिद्ध झाला, तरी आपण एखाद्या घरी पेपर टाकायचा विसरलोय आणि वडील वाट बघतायत, असं स्वप्न पडून तो दचकून उठायचा. घरच्या धाकाचा अनुभव तुमच्यापैकी कुणाला असेल तर हे वेगळं समजावून सांगायला नको.

पंधराव्या वर्षी सुटीत त्याने आगगाडीत पेपर, गोळ्या आणि सोडा विकला. सोळाव्या वर्षी पहिल्या महायुद्धासाठी रेड क्रॉसच्या ॲम्ब्युलन्स दलात जायचं डोक्यात घेतलं. वय कमी पडत होतं. वडिलांनी सही करायला नकार दिला, आईने केली आणि पोराने कागदावर जन्मसाल बदलून टाकलं. तो फ्रान्सला पोचेपर्यंत युद्ध संपलेलं होतं. तरी वर्षभर तिथे गाड्या चालवल्या आणि आपल्या ॲम्ब्युलन्सवर चित्रं काढली.

चाळीस डॉलर आणि थोरला भाऊ

परत आल्यावर कॅन्सस सिटीत जाहिरातीची चित्रं काढायची नोकरी लागली. तिथे अब आयवर्क्स नावाचा त्याच्याच वयाचा, हाताने जादू करणारा चित्रकार भेटला. वयाच्या विसाव्या वर्षी वॉल्टनं स्वतःची ॲनिमेशन कंपनी काढली, लाफ-ओ-ग्राम. १९२३ मध्ये तिचं दिवाळं निघालं. तुम्ही थर्ड इयर संपवून पहिला जॉब शोधताय, त्या वयात या मुलाची कंपनी बुडाली होती.

एक सुटकेस आणि खिशात ४० डॉलरच्या आसपास घेऊन तो कॅलिफोर्नियाला गेला. का? तर रॉय तिथे होता. रॉय त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. क्षयरोग झाल्यामुळे तो लॉस एंजेलिसच्या दवाखान्यात पडून होता. न्यूयॉर्कहून फिल्म्सची पहिली ऑर्डर आली, तेव्हा वॉल्ट रात्रीच त्याच्या खाटेपाशी जाऊन धडकला. दुसऱ्या दिवशी रॉय दवाखान्यातून बाहेर पडला तो परत गेलाच नाही. १६ ऑक्टोबर १९२३ ला दोघा भावांचा स्टुडिओ सुरू झाला. स्वप्नं बघायची वॉल्टनं आणि बँकेच्या पायऱ्या झिजवायच्या रॉयनं, ही वाटणी तेव्हापासूनची.

१९२५ मध्ये स्टुडिओतच काम करणाऱ्या लिलियनशी वॉल्टचं लग्न झालं. १९२८ मध्ये मोठा फटका बसला. ओस्वाल्ड नावाचा त्यांचा ससा लोकांना आवडत होता, पण हक्क वॉल्टकडे नव्हते. वितरकानं ससाही ठेवून घेतला आणि बहुतेक चित्रकारही फोडले. अब आयवर्क्स मात्र गेला नाही. या नुकसानीतून उंदीर जन्माला आला. १८ नोव्हेंबर १९२८ ला 'स्टीमबोट विली' पडद्यावर आली आणि मिकी माऊस घराघरांत पोचला.

पण यशाबरोबर काम इतकं वाढलं की १९३१ मध्ये वॉल्ट कोसळला. फोनवर बोलता बोलता रडू यायचं, झोप लागायची नाही. डॉक्टरांनी सक्तीची सुटी सांगितली. तो आणि लिलियन निघाले. वॉशिंग्टन, फ्लोरिडातलं की वेस्ट, क्युबा आणि पनामा कालव्यातून बोटीनं परत. सुटी ही चैनीची वस्तू नसून औषध आहे, हे त्याला तेव्हा कळलं असणार.

मिकीचा ट्रेलर

आता आमच्या एक्सेल शीटला थेट भिडणारी गोष्ट. १९३८ च्या मे महिन्यात डिस्नेची एक छोटी फिल्म आली, 'मिकीज ट्रेलर'. मिकी, डोनाल्ड आणि गूफी तिघं चाकांवरच्या घरात सुटीला निघालेत. आत मिकी स्वयंपाक करतोय, चालत्या घराच्या खिडकीतून बाहेरच्या शेतातलं मक्याचं कणीस तोडतोय. सुरुवातीला दिसणारा निसर्गरम्य देखावा गुंडाळला जातो आणि मागे शहराचा उकिरडा निघतो. धमाल आहे.

गडबड कधी होते? गूफी पुढे गाडी चालवतोय आणि त्याला नाश्त्याला हाक मारतात. तो बिनधास्त स्टिअरिंग सोडून मागे येऊन टेबलावर बसतो. गाडी घाटात शिरते. चूक कळल्यावर गडबडीत पुढे जाताना तो ट्रेलरच सोडवून टाकतो आणि ते घर दोघांना घेऊन उतारावरून सुटतं. शेवटी योगायोगाने ते परत गाडीला येऊन अडकतं आणि गूफीला पत्ताच नाही. आपण सगळ्यांना सुखरूप खाली आणलं, याच आनंदात तो असतो.

त्या काळात अमेरिकेत ट्रेलर घेऊन फिरायचं वेड नवीन होतं. ही फिल्म त्याची टिंगलही करते आणि एक खरी गोष्टही दाखवते. घर घेऊन फिरायला निघालात, तरी कुणीतरी जागं राहून स्टिअरिंग धरायला लागतं. बहुतेक घरांत ते कुणीतरी एकच असतं आणि नाश्ता त्याला शेवटी मिळतो.

त्याच वर्षी वॉल्टच्या घरावर आघात झाला. 'स्नो व्हाइट' ही पहिली मोठी ॲनिमेटेड फिल्म १९३७ च्या डिसेंबरात आली होती. खर्च सुमारे १५ लाख डॉलर, डोक्यावर कर्ज, आणि लोक आधी हसले होते. ती तुफान चालली. हाती पैसा आल्यावर वॉल्ट-रॉयनं आईवडिलांना नवीन घर घेऊन दिलं. त्या घरातल्या गॅसच्या भट्टीत दोष होता. नोव्हेंबर १९३८ मध्ये गुदमरून आईचा मृत्यू झाला. मुलाने प्रेमाने दिलेल्या घरात आई गेली. याबद्दल वॉल्ट आयुष्यभर जवळपास काहीच बोलला नाही.

तो देवमाणूस होता असं मात्र समजू नका. १९४१ मध्ये त्याच्या चित्रकारांनी पगार आणि युनियनसाठी संप केला. वॉल्टला ते वैयक्तिक वाटलं. संपाचा पुढारी आर्ट बॅबिट याच्यावर त्याने डूख धरला आणि १९४७ मध्ये सरकारी समितीपुढे जाऊन संपकऱ्यांपैकी काहींना कम्युनिस्ट ठरवलं. स्टुडिओ म्हणजे आपलं कुटुंब, असं तो मानायचा. पण घरात फक्त बापाचंच चालावं, ही एलायसची सवय त्याच्यातही उतरली होती.

शनिवारचा बाक

वॉल्ट आणि लिलियनला दोन मुली. डायन, १९३३ ची, आणि दत्तक घेतलेली शॅरन, १९३६ ची. शनिवार हा बाबाचा दिवस. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात एक गोल फिरणारं घोड्यांचं चक्र होतं, अजूनही आहे. मुली त्यावर फेऱ्या मारायच्या आणि वॉल्ट बाकावर बसून शेंगदाणे खायचा.

तेव्हाच्या करमणूक बागा कळकट असायच्या. रंग उडालेला, कचरा पडलेला, माणसं उर्मट. मुलांना तिथे मजा आणि आईबापांना कंटाळा. बाकावर बसल्या बसल्या त्याच्या मनात आलं की आईबाप आणि मुलं दोघांनाही एकत्र मजा येईल अशी जागा का नसावी? बस, एवढंच. बाकी सगळं पुढचं.

दरम्यान लहानपणीची आगगाडी परत आली. १९५० मध्ये त्याने घराच्या मागच्या आवारात खऱ्या वाफेवर चालणारी छोटी रेल्वे बांधली. इंजिनाला नाव दिलं लिली बेल, बायकोच्या नावावरून. लिलियनच्या फुलांच्या वाफ्यांतून रूळ जाऊ नयेत म्हणून खालून बोगदा खणला. लग्न टिकवायचं तर कधी कधी बोगदा खणावा लागतो.

फायर स्टेशनवरची खोली

बागेची कल्पना ऐकून रॉय आणि कंपनीतले बाकीचे धास्तावले. मग वॉल्टनं वेगळी कंपनी काढली, विम्यावर कर्ज उचललं, पाम स्प्रिंग्सचं सुटीचं घर विकलं. १९५३ मध्ये हर्ब रायमन या चित्रकाराला शनिवार-रविवार बसवून बागेचा मोठा नकाशा काढून घेतला. तो घेऊन रॉय न्यूयॉर्कला गेला आणि एबीसी या टीव्ही कंपनीला पटवून आला. अनाहाइम गावातली १६० एकर संत्र्याची बाग साफ करून साधारण वर्षभरात डिस्नेलँड उभं राहिलं. खर्च सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर.

१७ जुलै १९५५, उद्घाटन. आणि नुसता गोंधळ! बनावट तिकिटं घेऊन अपेक्षेच्या दुपटीहून जास्त लोक आत आले. भयंकर ऊन. प्लंबरांच्या संपामुळे नळ आणि संडास यांतलं एकच काही वेळेत पुरं होणार होतं. वॉल्टनं संडास निवडले. लोक पाण्यावाचून तळमळले. ताजं डांबर वितळलं आणि बायकांच्या टाचा त्यात रुतल्या. हे सगळं टीव्हीवर लाइव्ह. तुमच्या कॉलेज फेस्टचा पहिला दिवस फसला असेल तर धीर धरा. सात आठवड्यांत दहा लाख लोक तिथे येऊन गेले.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. बागेच्या मेन स्ट्रीटवर फायर स्टेशन आहे. त्याच्या माडीवर वॉल्टनं स्वतःसाठी छोटं घर केलं होतं. बायको-मुलींना घेऊन तो तिथे मुक्काम करायचा आणि गेट उघडायच्या आधी रिकाम्या रस्त्यांवरून फेरफटका मारायचा. म्हणजे बागेच्या आतच मुक्काम करायची हौस सगळ्यात आधी त्यालाच होती. त्याची आठवण म्हणून त्या खिडकीत आजही दिवा लावलेला असतो.

विमानातून दिसलेले रस्ते

पण डिस्नेलँडच्या चारही बाजूंनी मोटेल आणि निऑनच्या पाट्या उगवल्या. आजूबाजूची जमीन घ्यायला तेव्हा पैसे नव्हते. ही सल वॉल्टच्या मनात राहिली. पुढच्या वेळी आधी जमीन, मग बाग, असं त्याने ठरवलं.

२२ नोव्हेंबर १९६३ ला तो विमानातून फ्लोरिडातल्या ऑर्लँडोवरून गेला. खाली दलदल, तळी, जंगल आणि एकमेकांना छेदणारे दोन मोठे हायवे. गाडीतून येणारी कुटुंबं त्याला तिथे दिसली. विमान न्यू ऑर्लीन्सला उतरलं तेव्हा केनेडींच्या हत्येची बातमी आली होती.

मग वेगवेगळ्या नावांच्या कंपन्या काढून, मूळ मालक कोण हे न कळू देता सुमारे २७,००० एकर जमीन घेतली गेली. नाव फुटलं असतं तर भाव आकाशाला भिडले असते. आपल्याकडे एखाद्या प्रकल्पाची कुणकुण लागली की सातबाऱ्याभोवती काय काय होतं, ते तुम्हाला माहीतच आहे. ऑक्टोबर १९६५ मध्ये तिथल्या पेपरने गुपित फोडलंच, पण तोवर खरेदी बरीचशी उरकली होती. १५ नोव्हेंबर १९६५ ला वॉल्टनं गव्हर्नरबरोबर बसून जाहीर घोषणा केली. ज्या फ्लोरिडात आईवडिलांचा संसार टिकला नव्हता, तिथेच मुलाने पुण्याएवढी नाही, पण एका शहराएवढी जमीन घेतली होती.

छतावरचा नकाशा

वॉल्ट तरुणपणापासून सिगारेट ओढायचा. खोकला इतका ओळखीचा की तो यायच्या आधी स्टुडिओतल्या लोकांना कळायचं. नोव्हेंबर १९६६ मध्ये फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. मरणाच्या आदल्या रात्री रॉय शेजारी बसलेला असताना तो छताच्या चौकोनी फरशांकडे बोट दाखवून फ्लोरिडाचा नकाशा समजावत होता, कुठे रस्ता, कुठे काय, असं रॉयनं पुढे सांगितलं. १५ डिसेंबर १९६६ ला, पासष्टावा वाढदिवस होऊन दहा दिवस झाले असताना, स्टुडिओसमोरच्याच हॉस्पिटलमध्ये वॉल्ट गेला.

रॉय तेव्हा ७३ वर्षांचा. निवृत्त व्हायच्या बेतात. त्याने निवृत्ती पुढे ढकलली. १ ऑक्टोबर १९७१ ला बाग उघडली. नुसतं डिस्ने वर्ल्ड नाही, वॉल्ट डिस्ने वर्ल्ड असं पूर्ण नाव हवं, हा रॉयचा हट्ट. १९ नोव्हेंबरला जंगलातलं कॅम्पग्राउंड सुरू झालं. डिस्नेलँडमधल्या टॉम सॉयर बेटावर १९५६ पासून एक लाकडी किल्ला होता, फोर्ट वाइल्डरनेस. तेच नाव कॅम्पग्राउंडला दिलं. आणि २० डिसेंबर १९७१ ला रॉय गेला. भावाचं काम पुरं करून तीन महिनेही झाले नव्हते.

आमची शीट

तर हे कॅम्पग्राउंड. बे लेक तळ्याच्या काठी पाइन आणि सायप्रसच्या झाडीत ७०० हून जास्त एकर आणि गाड्या-तंबूंसाठी सुमारे ८०० जागा. तंबूवाल्यांना पाणी आणि वीज मिळते. फुल हूक-अपच्या जागेत सांडपाण्याची पाइपही असते. एका जागेत जास्तीत जास्त दहा माणसं. आत आपली गाडी फिरवत बसायचं नाही. बस, सायकल किंवा भाड्याची गोल्फ कार्ट घ्यायची. मुख्य बागेला थेट बोट जाते.

शीट पुरी करताना शिकलेल्या गोष्टी सांगते. उद्या तुमचीही मावशी विचारेल.

एक, गाडी कुठून घ्यायची. न्यूजर्सीहून ऑर्लँडो हजार मैलांहून जास्त आहे, म्हणजे आजीला घेऊन तीन दिवसांचा प्रवास. शिवाय थंडीत उत्तरेकडे आरव्हीच्या पाण्याच्या नळ्या गोठून फुटतात, म्हणून हिवाळ्यात त्या रिकाम्या करून ठेवतात. त्यामुळे विमानाने ऑर्लँडोला जायचं आणि गाडी तिथे भाड्याने घ्यायची.

दोन, मोजमाप. जागा बुक करताना गाडीची लांबी आणि ती ३० ॲम्पिअरची आहे की ५० ची, हे आधी माहीत हवं. भाड्यात रोजचे मैल किती आणि जनरेटर वापरायचे पैसे वेगळे का, हेही विचारायचं. डिसेंबरच्या सुटीची जागा कित्येक महिने आधी धरावी लागते.

तीन, संडासाची टाकी. हसू नका, कुणीतरी हे करावंच लागतं. आरव्हीत तीन टाक्या असतात. स्वच्छ पाण्याची, ओटा-आंघोळीच्या पाण्याची आणि संडासाची. रिकाम्या करताना आधी संडासाची, मग आंघोळीची, म्हणजे पाइप आपोआप धुतली जाते. हे काम मावसभावाच्या नावावर लिहिलंय. त्याला अजून सांगितलेलं नाही.

चार, जंगल खरं आहे. रॅकून खाणं पळवतात, बाहेर काही ठेवायचं नाही. तळ्यात मगरीच्या जातीचे ॲलिगेटर असतात, पाण्यात पाय सोडून बसायचं नाही. उन्हाळ्यात दुपारी विजांसह पाऊस ठरलेला, डिसेंबर त्या मानाने कोरडा आणि गारवा असलेला.

पाचवा कॉलम मी वॉल्टचं आयुष्य वाचल्यावर घातला. तोवर शीटमध्ये मावसभावाच्या राइड्स होत्या, काकांच्या पार्किंगचा हिशेब होता, मावशीच्या जेवणाची यादी होती. आजीच्या नावापुढे फक्त व्हीलचेअर आणि औषधं लिहिलेली. तिला काय बघायचंय, हे कुणी विचारलंच नव्हतं. अख्खी ट्रिप तिच्या गुडघ्यांसाठी आखली होती आणि ती आमच्या प्लॅनमध्ये पुन्हा बाकावरच होती.

मी फोन केला. आजीनं आधी नेहमीचं उत्तर दिलं, की तुम्ही ठरवाल ते. मी सोडलं नाही. मग तिने सांगितलं. तिला बोटीत बसायचंय. आमच्याबरोबर, चपला घालून.

आता शीटमध्ये पहिल्या दिवशी संध्याकाळी बोट आहे. कॅम्पग्राउंडच्या धक्क्यावरून निघून तळ्यातून बागेपर्यंत आणि परत. राइड नाही, रांग फार नाही, तिकीटही वेगळं नाही. पिशव्या गाडीत कुलूप लावून ठेवायच्या.

तुमची पुढची ट्रिप फ्लोरिडाला नसेल. लोणावळ्याला असेल, नाहीतर मुरुडला. ग्रुपवर प्लॅन टाकण्याआधी पिशव्या सांभाळणाऱ्या माणसाला एक फोन करा. पहिलं उत्तर काही नको असंच येईल. दुसऱ्यांदा विचारा.